सर्जनचं दुखणं कोण बघणार?

हे वाचताना तुमची मान किती खाली गेलीये, बघा जरा. आपल्या डोक्याचं वजन असतं साधारण पाच किलो. पण मान ६० अंश झुकली की मणक्यावरचा भार २७ किलोपर्यंत जातो, असा हिशोब २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज यांनी मांडला. तो गाजला आपल्या फोनमुळे, पण हंसराज स्वतः मणक्याचे सर्जन! आपण फोन बाजूला ठेवू शकतो. ऑपरेशन अर्ध्यावर असताना सर्जन काय बाजूला ठेवणार?

मला वाटायचं, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बरं असेल. समोर स्क्रीन, मान सरळ. पण त्रास नुसता खाली सरकतो, खांद्यात आणि मनगटात. हत्यारं लांब दांड्याची, पोटावरच्या बारीक छिद्रांतून आत जाणारी. छिद्र टेकूसारखं काम करतं, म्हणजे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. दांडा लांब म्हणून टेबल खाली हवं. ते पुरेसं खाली गेलं नाही, तर खांदे वर उचलून तासन् तास उभं राहायचं, नाहीतर पायाखाली स्टूल घ्यायचं. त्यात हत्याराची मूठ बहुतेक वेळा एकाच मापाची. लहान हातांच्या सर्जनना, म्हणजे बऱ्याच स्त्रियांना, ती जास्त छळते. दर अर्ध्या तासाने दीड-दोन मिनिटं थांबून मान-खांदे ताणले तर दुखणं कमी होतं आणि ऑपरेशन लांबत नाही, हे तपासलं गेलंय. तरी थांबणं म्हणजे कच्चेपणा, असा समज आहेच.

आता अमेरिकेतले टेड रमेल बघा. हाडांचे सर्जन. २०१० मध्ये मणक्यात रक्तस्राव झाला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उभं करणाऱ्या व्हीलचेअरवर ते पुन्हा ऑपरेशनला आले. म्हणजे साधन माणसाच्या मापाचं करता येतं.

आपल्याकडे मात्र एमबीबीएसच्या दारातच अट होती: दोन्ही हात शाबूत हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला अपंगांविषयीच्या पूर्वग्रहाचं लक्षण म्हटलं. मला यातली गंमत कडू वाटते. आत येताना हात इतके बारकाईने तपासायचे, आणि पुढची तीस वर्षं त्याच हातांना बसेल का न बसेल अशी मूठ द्यायची.