बळकटी आणि चिवटपणा

बळकट वस्तु चिवट असतेच असें नाहीं. कांच कठीण खरी. परंतु एक चीर पडतांच ती तडकते. कांचतंतु जितका बारीक, तितका बळकट, हें ए. ए. ग्रिफिथ यांनीं १९२१ सालच्या निबंधांत दाखविलें. असे तंतु राळेंत बसविले म्हणजे भार तंतु पेलतात. चीर आलीच तर तंतु व राळ यांची पकड जराशी सुटते, आणि चिरेचा जोर तंतु उपसण्यांत खर्ची पडतो. म्हणून ही पकड ढिली नको, तशी फार घट्टहि नको. आघातांत हा तोल साधणें अवघड. १९७० सालीं रोल्स-रॉइसच्या आरबी-२११ एंजिनाचीं कर्बतंतूंचीं पातीं पक्षी आदळण्याच्या कसोटींत टिकलीं नाहींत; टिटॅनियमचीं बसवावीं लागलीं. ज्या पात्यांवर प्रवाशांचे प्राण अवलंबून, त्यांचें नुसतें बळ पाहून भागत नाहीं.