कठपुतली कॉलनी : वस्ती उठली, कला टांगणीला

पश्चिम दिल्लीतील शादीपूर डेपोजवळ राजस्थानातून आलेल्या भाट समाजातील बाहुलीकारांनी अनेक दशकांपूर्वी झोपड्या उभारल्या आणि जादूगार, डोंबारी, वादक यांच्या कुटुंबांमुळे विस्तारलेली ही वस्ती ‘कठपुतली कॉलनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कठपुतली म्हणजे आंब्याच्या लाकडात चेहरा कोरलेली, पाय नसलेली, लांब घागऱ्यामुळे तरंगत चालल्यासारखी भासणारी कळसूत्री बाहुली. सूत्रधार तिचे दोरे थेट बोटांत अडकवून तिला नाचवतो आणि तोंडात धरलेल्या ‘बोली’ नावाच्या शिट्टीतून तिला चिरका आवाज देतो, तर घरातील स्त्री बहुधा ढोलकच्या तालावर गात कथा उलगडते.

२००९ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाने खासगी विकासकाच्या सहभागाने त्याच जागी बहुमजली घरांची योजना हाती घेतली. काही कुटुंबे आनंद पर्वत येथील संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यात गेली, अनेकांनी विरोध केला आणि २०१७ च्या अखेरीस उरलेल्या घरांवर बुलडोझर फिरला.

पक्के घर ही रास्त गरज असली, तरी या कलावंतांना बाहुल्या कोरण्यासाठी, त्या साठवण्यासाठी आणि तालमीसाठी मोकळी जागा लागते, शिवाय वादक व इतर कलाकार शेजारीच असल्याने लग्नसमारंभ वा महोत्सवाचे काम मिळताच संच उभा राहतो. वस्ती पांगली की ही व्यवस्था आणि मुलांचे पाहत-पाहत होणारे शिक्षण दोन्ही मोडतात; म्हणूनच पुनर्वसनाच्या आराखड्यात खोल्यांइतकेच कार्यशाळांना आणि तालमीच्या अंगणांना स्थान मिळाले पाहिजे.