खारीची शेपटी, उंटाचं नाव

नागपूरच्या दक्षिणेला बेसा भागात शेतं जाऊन फ्लॅट आले, पण खार कुठे गेली नाही. कंपाउंडच्या भिंतीवरून ती सुर्रकन पळते, पेरू अर्धवट कुरतडून टाकते. तिच्या कातडीचा कोट शिवावा असं मात्र इथं कुणाच्या मनात आलं नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तिथे कोट हवाय कुणाला? शिवाय आपली खार वीतभर आणि तिची लव विरळ.

सायबेरियातल्या खारीचं तसं नव्हतं. हिवाळ्यात तिची लव दाट होते. पाठ निळसर करडी, पोट पांढरं. पाठ-पोट आलटून पालटून जोडलेल्या या कातड्यांना मध्ययुगीन युरोपात ‘व्हेर’ म्हणत. सरदारांच्या ढालींवरही ती नक्षी चढली. १३९९ साली गादीवर आलेल्या इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या एका पोशाखाला १२,००० खारी लागल्या, वर ८० एर्मिन या छोट्या प्राण्याची कातडी. सेतू बांधायलाही एवढ्या आल्या नसतील!

आपल्याकडे कामी आली ती शेपटी. लघुचित्रं काढणारे कारागीर तिचे मोजके केस निवडत, टोकं जुळवून दोऱ्यानं बांधत आणि कबुतराच्या पिसाच्या पोकळ दांडीत ओढून बसवत. त्या कुंचल्यानं पापणीचा एकेक केस रंगवता येई. चित्रकलेतला हा खारीचा वाटा शब्दशः खरा.

पुढे जलरंगांबरोबर ‘कॅमल हेअर’ ब्रश आले. त्यात उंटाचा एक केस नाही. असतात ते खारीचे, बकरीचे, नाहीतर घोड्याचे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या शाईवरही उंटच आला, तो निव्वळ योगायोग.

खारीचा केस पाणी भरपूर धरतो, पण मऊ. ताठ केस हवा म्हणून बाजार मुंगसाकडे वळला आणि १९७२चा वन्यजीव कायदा असूनही तो धंदा चोरून चालत राहिला. ऑक्टोबर २०१९मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’च्या छाप्यांत हजारो ब्रश आणि शंभर किलोहून जास्त केस सापडले.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या कंपासमध्ये आता बहुतेक नायलॉनचेच ब्रश असतात. पाण्यातून काढून झटकला की टोक लगेच ताठ. खार बाहेर पेरूवर.