आकाशातून दिसणारी दोन नगरे
लहान खाजगी विमानातून बव्हेरियावरून जाताना न्योर्डलिंगेन हे नगर जात्याच्या तळीप्रमाणे वाटोळे दिसते. त्याभोवती सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा अखंड तट आहे. हे नगर ज्या खोलगट, सुमारे २४ किलोमीटर रुंदीच्या प्रदेशात वसले, तो ज्वालामुखीचे मुख असल्याचा समज होता. १९६० मध्ये शूमेकर व चाओ यांना तेथील दगडात कोएसाइट सापडले आणि सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या अशनिपाताची साक्ष मिळाली. नगरातील मोठे चर्चही त्याच दगडाचे आहे.

उत्तरेकडे रोटेनबुर्ग लागते. ३१ मार्च १९४५ रोजी त्याचा पूर्वभाग बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला. पुढे तो जुन्या धर्तीवर उभारण्यात आला. तट बांधणाऱ्यांनी शत्रूची वाट जमिनीवरूनच कल्पिली होती.