‘सामना’: खुनाच्या गोष्टीत कोण दिसतं, कोण नाही?

चित्रपट : ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धा विभागात निवड.

रहस्य : गावातल्या मारुती कांबळेचं पुढे काय झालं?

सत्ता : सहकारी साखर कारखाना आणि गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले).

शोध : दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर. ही भूमिका साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू यांची.

बळी : माजी सैनिक कांबळे (मोहन आगाशे). सगळं कथानक त्याच्याभोवती फिरतं. पण त्याच्यासाठी बोलतात ते मास्तर.

बायका : स्मिता पाटील आहेत, पण छोट्या भूमिकेत. पटावरचे मोठे मोहरे पुरुषच.

पुढे : ‘फँड्री’त (२०१३) मात्र जब्या हा दलित मुलगा स्वतःच कथेचा नायक झाला. नागराज मंजुळे यांनी त्यासाठी करमाळा तालुक्यातला नवखा मुलगा सोमनाथ अवघडे निवडला. त्यांच्याच ‘सैराट’ची (२०१६) नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे साताऱ्याच्या माण तालुक्याला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यातली.

म्हसवडचा सामना : पडद्यावर सहकार पाटलाच्या मुठीत. त्याच माण तालुक्यातल्या म्हसवडला मात्र सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली. बऱ्याच जणी अंगठा लावणाऱ्या, म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे उभ्या राहिल्या. आपली बाजू मांडायला त्यांना कुणी मास्तर लागला नाही.