पोरगं शिकतंय का नुसतं चिकटवतंय?

शिरोळ तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्यावर बोलायला बसलो, की गोष्ट रक्तदाब आणि साखरेपासून सुरू होते आणि हळूहळू पोरांच्या शाळेवर येते. आईबापाच्या जिवाला मोठा घोर तोच असतो. अलीकडे त्यात एका तक्रारीची भर पडली आहे. "नववीत गेलंय पोरगं, पण वाचताना दिसत न्हाई. कायम आपलं कार्डशीट, डिंक, स्केचपेन. गल्लीत फिरून कुणालातरी काहीबाही विचारत बसतंय. शाळेत शिकाय घातलंय का चिकटवाय?"

ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी दहावीपर्यंत पोचले आहे, त्या घराला अभ्यासाची एकच खूण माहीत असते. पोर पुस्तक समोर धरून मोठ्याने वाचते आहे, ही ती खूण. ती दिसली नाही की आईच्या पोटात गोळा येतो. मग बोलणी, मग पोराचे तोंड फुगणे, ताटावरून उठणे, रात्रीचे जागरण, सकाळी डोके दुखणे. इथे हा प्रश्न आरोग्याचा होतो, म्हणून या पानावर.

आधी शाळेत नेमके काय चालले आहे ते पाहू. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला मुख्य विषयांत १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ अशा शाळेतल्या कामाचे असतात. भाषा आणि समाजशास्त्राचे हे २० गुण मध्यंतरी काढून टाकले होते. त्या वर्षी, म्हणजे २०१९ ला, दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला आणि ते गुण पुन्हा आणावे लागले. याशिवाय जलसुरक्षेसारखे श्रेणीचे विषय आहेत. त्यांत पाहणी, नोंदी आणि प्रकल्पच अधिक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि हाताने करून शिकणे यांवर भर आहे. म्हणजे ही एखाद्या मास्तरांची लहर नव्हे. काही शाळांत असे काम थोडे आहे, काहींत फार आहे, आणि पुढे ते वाढणारच आहे.

तरीही ८० गुण लेखीचे आहेत, हे पोराने आणि आपणही विसरू नये. ज्याला चार वाक्ये स्वतःची लिहिता येत नाहीत, त्याचा प्रकल्पही दुसऱ्याच्या वहीतूनच येणार.

आता आपल्या लोकांच्या मनातल्या खऱ्या शंकेकडे येऊ. हाताचे काम म्हटले की आपल्याला आपला इतिहास आठवतो. पिढ्यान्‌पिढ्या हात आपले वापरले गेले आणि पुस्तक दुसऱ्यांच्या घरात राहिले. "आम्ही राबलो ते नातवाच्या हातात परत खोरं-झाडू यावं म्हणून न्हवं," असे एखादे आजोबा म्हणतात, तेव्हा त्यांना अडाणी समजू नये. ते बरोबर जागी बोट ठेवत आहेत.

पण सगळे हाताचे काम एका मापाने मोजता येत नाही. नुसते काम करवून घेणे वेगळे आणि कामातून 'असे का होते' हे शिकणे वेगळे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीची माहिती आणि आरोग्याचे धडेही शिकवावेत अशी त्यांची मागणी होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथे त्यांना शिकवणारे प्राध्यापक जॉन ड्यूई हे शिक्षणाच्या क्षेत्रातले जगातले मोठे नाव. ड्यूईंनी १८९६ साली शिकागोला एक शाळा काढली होती. तिथली मुले स्वयंपाक, शिवण, सुतारकाम करत आणि त्यातूनच गणित-विज्ञानाकडे जात. कोलंबियातलेच ड्यूईंचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली लिहिलेल्या निबंधानंतर 'प्रकल्प पद्धती' हे नाव जगभर पसरले. तेव्हा घरातल्या त्या कार्डशीटचा धागा बाबासाहेबांच्या वर्गखोलीपर्यंत जातो, हे पोराला सांगायला हरकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाबळचे. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी उभा राहिला आणि राज्यातल्या अनेक हायस्कुलांत गेला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. लोखंड-लाकडाचे काम, वीज, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग. मुलगे-मुली सगळ्यांनी सगळे करायचे. गृह-आरोग्यात मुले रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायलाही शिकतात. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने हिमोग्लोबिन तपासले, तिला रक्त वाढवणाऱ्या गोळीचे महत्त्व पटवायला भाषण करावे लागत नाही.

यावरून शाळेला विचारायचा प्रश्नही मिळतो. वर्गातले सगळेच ते काम करतात का? त्यातून मूल काय मोजते, काय लिहिते? फक्त आपल्याच वस्तीतल्या पोरांकडे झाडू येत असेल, तर तो प्रकल्प नव्हे, आणि तिथे गप्प बसण्याचे कारण नाही.

घरच्यांना काय जमेल?

"आम्हाला काय कळतंय त्यातलं?" हे आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो आणि ते आम्हाला सगळ्यात कमी पटते. समजा जलसुरक्षेसाठी पोराने 'आमच्या वस्तीतला महापूर' हा विषय घेतला. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात आणि पुराचे पाणी आपल्या तालुक्यात पसरते, एवढे पुस्तकात सापडेल. पण २००५ ला पाणी कुठल्या उंबऱ्याला लागले, २०१९ ला कितव्या पायरीपर्यंत आले, २०२१ ला किती दिवसांनी उतरले, जनावरे कुठे बांधली, छावणीत पिण्याचे पाणी कशाचे होते, घरी परतल्यावर कुणाला जुलाब लागले, कुणाला ताप आला, हे कुठल्या पुस्तकात आहे? ते आजीला, चुलत्याला, शेजारच्या आक्काला माहीत आहे. पोराने पाच-दहा घरी जाऊन विचारायचे, भिंतीवरच्या खुणेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजायची, सालाप्रमाणे तक्ता करायचा आणि मग सांगायचे, की पुढच्या वेळी आपल्या गल्लीने कधी हलले पाहिजे. हा खरा प्रकल्प. यात आईबाप अडाणी ठरत नाहीत, साक्षीदार ठरतात.

पाण्याचेही तसेच. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरतो का, हे पाहण्याची ओ.टी. चाचणी अगदी सोपी आहे. पाण्याच्या नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकले, की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. ते द्रावण विषारी असते, म्हणून पोरांनी एकट्याने हाताळू नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर किंवा विज्ञानाच्या बाईंबरोबर करावे आणि तपासलेले पाणी ओतून टाकावे. आठवडाभर रोज एक नोंद केली, तर कुठल्या दिवशी पाणी नुसतेच आले ते वस्तीला कळेल.

पालकांनी प्रकल्प करून द्यायचा नाही. विचारायचे मात्र जरूर. 'किती मार्क पडणार?' याऐवजी 'हे कुणाला विचारलंस?', 'मोजलंस कसं?', 'तुला काय वाटलं हुतं आणि निघालं काय?' असे तीन प्रश्न भाकरी थापता थापताही विचारता येतात. ज्याने काम केले आहे, तो बोलू लागतो. ज्याने केलेले नाही, तो "तुला न्हाई कळायचं" म्हणतो. दुकानात तयार प्रकल्प विकत मिळतात, ते घेऊ नका. तोंडीला एकच आडवा प्रश्न आला की पोर उघडे पडते, आणि त्या भीतीने आदल्या रात्री पोट बिघडते. पैसेही वाचवता येतात. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, औषधाच्या दुकानातले पुठ्ठे, पाठकोऱ्या कागदांची वही चालेल का, हे वर्गशिक्षकांना सरळ विचारावे. बहुतेक शिक्षक हो म्हणतात. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर पाळीला जात असेल, तर तेही आधीच सांगून ठेवावे, म्हणजे व्हॉट्सॲपवरची सूचना पोराला शाळेतच मिळेल.

झोप, रक्त आणि मन

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. त्यातून या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. हा आळस नव्हे. पण प्रकल्प शेवटच्या रात्रीवर ढकलला, तर आधीच अपुरी असलेली झोप चार तासांवर येते. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंग, घरी चिडचिड, आणि पाठ केलेलेही आठवत नाही, कारण वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. उपाय साधा आहे. विषय मिळाला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर देण्याची तारीख गोल करा आणि मागे मोजत कामाचे चार तुकडे पाडा. विचारणे, मोजणे, लिहिणे आणि शेवटी चित्र-चिकटवणे. आपल्याकडे उलटे होते, चिकटवणे आधी आणि विचारणे कधीच नाही. रात्री दहानंतर फोन आणि कात्री दोन्ही बाजूला ठेवायचे.

मुलींचे आणखी वेगळे. आई भांगलणीवरून किंवा कामावरून येईपर्यंत पाणी, भांडी, धाकटा भाऊ हे सगळे नववीतल्या पोरीकडे असते. तिचा प्रकल्प सुरू होतो तोच रात्री नऊला. भावाच्या प्रकल्पाला जागा आणि शांतता मिळते, तेवढी तिलाही मिळते का, हे घरातल्या मोठ्यांनी बघावे. भांडी भावालाही घासता येतात. पोरगी कायम थकलेली, जिना चढताना धापा टाकणारी, डोळ्यांच्या आत पांढरट दिसत असेल, तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये ते १२ च्या खाली असले तर रक्त कमी आहे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, वर लगेच चहा पिऊ नये. मुलग्यांनीही ती टाळू नये.

शेवटी गटाचा विषय. प्रकल्प बरेचदा चार-पाच जणांच्या गटात होतो आणि गट शाळा सुटल्यावर कुणाच्या तरी घरी जमतो. पोराच्या मनाला लागणारी गोष्ट इथेच घडू शकते. कुणाच्या घरी बाहेरच बसवतात, कुणी पाण्याचा पेला वेगळा देते, गटात आपल्या पोराला फक्त सामान आणायला ठेवतात आणि बोलायला दुसराच उभा राहतो. पोर हे घरी सांगत नाही. ते शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते म्हणते, गट बदलायचा म्हणते, किंवा एकाएकी त्या विषयाचे नावच काढत नाही. अशा वेळी आधी ऐकून घ्या, "तूच कायतरी केलं असशील" म्हणू नका. मग वर्गशिक्षकांना भेटून गट शाळेतच, शाळेच्या वेळेत बसवा आणि गटातल्या प्रत्येकाने आपला भाग स्वतः मांडायचा असे ठरवून घ्या. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर वस्तीतले दोघे-तिघे पालक मिळून जा. शाळेत ऐकले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. जागा हवी असेल तर आपले विहार संध्याकाळी रिकामे असते. दिवा, सतरंजी आणि एखादा कॉलेजात जाणारा दादा किंवा ताई एवढ्यावर गट बसतो, आणि तिथे इतर वस्तीतल्या पोरांनाही बोलवावे.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस पोर गप्प आहे, खात नाही, झोपत नाही, किंवा 'जगून काय उपयोग' असे काही बोलते आहे, तर वाट बघू नका आणि त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते. पोराला शाळेत किंवा बाहेर कुणी त्रास देत असेल, तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर ते स्वतःही फोन करू शकते. हे दोन्ही आकडे कॅलेंडरवर, प्रकल्पाच्या तारखेशेजारीच लिहून ठेवावेत.