पोटाचा हिशेब चहाच्या कपापासून

सुटलेल्या पोटावर आपल्याकडे कुणी फारसं रागावत नाही. 'खात्यापित्या घरचा' असं कौतुकाने म्हटलं जातं. लग्नानंतर जावयाचं पोट दिसू लागलं, तर त्याचं श्रेय सासूबाईंच्या हाताला मिळतं. चाळिशीनंतर शर्टाचं बटण ताणलं जाऊ लागलं की 'वय झालं' म्हणून विषय संपतो. पोटावर विनोद होतात, पण त्याला आजाराची पहिली पायरी मानायला कुणी तयार नसतं. वैद्यकशास्त्र मात्र आता वजनकाट्याइतकंच महत्त्व कमरेच्या मोजपट्टीला देतं. ते का, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. वजनकाट्याला दोघं सारखेच होते, शरीराची घडण मात्र वेगळी होती.

ही घडण जन्माआधीच ठरू लागते, हेही पुण्याजवळच्या गावांमधल्या अभ्यासातून दिसलं. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी राखून असलेलं शरीर घेऊनच आपल्यातले अनेक जण जन्माला येतात. 'मी कुठे जाड आहे, फक्त पोटच तर थोडं सुटलंय' हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारं नाही. आपल्याकडे धोका नेमका त्या 'फक्त पोटा'त असतो.

चिमटीत न येणारी चरबी

पोटाची चरबी दोन प्रकारची असते. चिमटीत पकडता येते ती त्वचेखालची. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि इतर अवयवांभोवती साठते. ही आतली चरबी अधिक त्रासदायक. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं रक्तावाटे थेट यकृताकडे जातात. यकृतात चरबी साठू लागते, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढू लागतात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला.

भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी धरतात. मोजताना पँटचा नंबर प्रमाण मानू नका, कारण बरेच पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत न ओढता मोजा. स्त्रियांनी रजोनिवृत्तीनंतर तर हे मोजमाप आवर्जून घ्यावं, कारण त्या काळात चरबी मांड्या-नितंबांपेक्षा पोटाकडे अधिक साठू लागते.

पोट 'वितळत' नाही

मर्यादा ओलांडल्याचं कळलं की आपण दोन गोष्टी करतो. पहाटे उठून पोटाचे व्यायाम सुरू करतो, आणि कोमट पाण्यात लिंबू-मध घेऊ लागतो. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांच्यावरची चरबी तेवढ्याने हटत नाही. अमेरिकेत २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात २४ जणांपैकी काहींनी सहा आठवडे केवळ पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या चरबीत काहीच फरक पडला नाही. शरीर चरबी कुठून काढायची हे स्वतः ठरवतं, आपल्याला फक्त एकूण खर्च आणि जमा यांवर हात ठेवता येतो.

लिंबू-मधाचंही तसंच. चरबी पाण्यात वितळून निघून जात नाही. १० किलो चरबी शरीराने वापरली, तर तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं, असा हिशेब 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली मांडला गेला. कोणत्याही काढ्याला हा मार्ग टाळता येत नाही. उलट मोठा चमचाभर मध म्हणजे साधारण ६० कॅलरी. लिंबूपाणी आवडत असेल तर जरूर घ्या, मध मात्र त्यातून वगळा.

न मोजलेली साखर

'मी तर दोनच पोळ्या खातो,' असं म्हणणाऱ्याला दिवसभरात चहा किती होतो, ते विचारावं. सकाळचा एक, नाश्त्याबरोबर एक, ऑफिसात दोन, संध्याकाळी घरी आल्यावर एक. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. आयसीएमआरच्या हैदराबादमधील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमवर ठेवायला सांगितलं आहे. आपली दुप्पट साखर चहातच संपली. गोडधोड अजून मोजलेलंच नाही!

प्यायलेल्या कॅलरींची आणखी एक खोड आहे. पोटाला त्या नीट कळत नाहीत. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोड जेलीच्या गोळ्या आणि आणखी चार आठवडे तितक्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. गोळ्या खात असताना त्यांचं बाकीचं खाणं आपोआप कमी झालं. पेयाच्या वेळी मात्र बाकीचं खाणं होतं तेवढंच राहिलं आणि ४५० कॅलरींची वर भर पडली. चहाने भूक मरते अशी आपली समजूत असते. ती थोडा वेळ दबते, पण साखरेची वजावट जेवणातून होत नाही.

हाच न्याय उसाच्या रसाला. त्याच्या २०० मिलिलिटरच्या ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज असते. ३०० मिलिलिटर कोला प्यायला तर सहा चमचे. फळांच्या रसाला आपण पौष्टिक समजतो, पण एका ग्लासात तीन-चार मोसंब्यांची साखर येते आणि चोथा गाळणीत राहतो. मोसंबी सोलून खाल्ली तर एका बैठकीत तीन कुणी संपवत नाही. त्यामुळे फळ खावं. प्यायला पाणी, साखर न घातलेलं ताक, साखरेविना कोकमाचं पाणी आहेच.

मद्याचा हिशेबही पोटाशीच येऊन थांबतो. ६० मिलिलिटर व्हिस्कीत अंदाजे १४० कॅलरी असतात, बिअरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या आसपास. मद्य शरीराला साठवता येत नाही, म्हणून ते आधी जाळलं जातं आणि चरबी जाळण्याचं काम तेवढा वेळ मागे पडतं. त्यातच समोर तळलेल्या चकन्याची बशी असते.

बरण्या आणि उपवास

चहाबरोबर येतात त्या बरण्या. बहुतेक बिस्किटांत १०० ग्रॅमला साडेचारशे ते पाचशे कॅलरी असतात, फरसाण-शेवेत पाचशेहून अधिक. 'जरासं तोंडात टाकायला' घेतलेली ३० ग्रॅमची मूठ म्हणजे दीडशे कॅलरी, आणि मूठ एकीवर थांबत नाही. बरणी ओट्यावर असली की जाता-येता हात जातो. ती वरच्या फडताळात ठेवणं हा उपाय बाळबोध वाटेल, पण इच्छाशक्तीपेक्षा तो भरवशाचा आहे. हाताशी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा एखादं फळ ठेवावं. शेंगदाण्यांत तेल भरपूर असतं, तेव्हा तेही मूठभरच. संध्याकाळी सहा-सातला असं काही खाल्लं, तर स्टेशनबाहेरचा वडापाव टळतो आणि रात्री नऊला घरी पोचल्यावर ताटावर तुटून पडायला होत नाही.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, दाण्याचं कूट आणि सढळ तूप पडलं की उपवासाच्या खिचडीची बशी नेहमीच्या जेवणाला मागे टाकते. उपवास श्रद्धेने करायचा असेल तर जरूर करावा. पण त्याने पोट कमी होईल ही आशा ठेवायची, तर ताक, फळं आणि वाटीभर भगर यांच्यावर तो निभावायला हवा.

ताटातल्या जागांची अदलाबदल

आता ताटाकडे वळू. इंडियाब पाहणीचाच आहाराविषयीचा भाग २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थ आणि साखरेतून येते, तर प्रथिनांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातली एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी अशी. भाताऐवजी नुसती पोळी किंवा भाकरी खाल्ली, पण पिष्टाचं एकूण प्रमाण तेच राहिलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातला थोडा वाटा डाळी, कडधान्यं किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांना दिला, तेव्हा चित्र बदललं. म्हणजे भात सोडून चार भाकऱ्या खाण्यात शहाणपण नाही. तीन पोळ्यांऐवजी दोन आणि चमचाभर उसळीऐवजी वाटीभर, हा सौदा अधिक फायद्याचा. वरण भातावर ओतण्यापुरतं पातळ न करता दाट करून वाटीत घ्यावं. अंडी, मासे चालत असतील तर उत्तमच, मात्र तळून नकोत. भाजी आणि कोशिंबीर ताटात आधी वाढून घ्यावी. अर्धं ताट त्यांनी भरलं की पोळी-भाताची जागा आपसूक आक्रसते.

तेल मोजायचं ते कढईत नव्हे, महिन्याच्या सामानात. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. तेच तीन लिटरवर आणलं तर २३ ग्रॅम. फरक सुमारे १३५ कॅलरींचा, आणि तोही प्रत्येकाचा, रोजचा. त्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. फोडणी चमच्याने मोजून घालायची आणि तळण सणासुदीपुरतं ठेवायचं, एवढं पुरतं. आणखी एक सवय विशेषतः घरातल्या बायकांची. उरलेला घासभर भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी 'वाया नको' म्हणून उभ्या उभ्या खाल्ली जाते. ती कुणाच्याच हिशेबात नसते. अन्न जपायचं तर ते डब्यात आणि फ्रिजमध्ये जपावं.

किती आणि केव्हा?

चहातली साखर निम्म्यावर आणली तर १०० कॅलरी, चार बिस्किटं वगळली तर आणखी शंभरेक, तेलाच्या १३५. दिवसाला सव्वातीनशेहून अधिक कॅलरी वाचल्या, आणि जेवण कुठेही सुटलं नाही. कागदावर यातून महिन्याला किलोभर चरबी घटायला हवी. प्रत्यक्षात ती कमीच घटते, कारण वजन उतरू लागलं की शरीरही आपला खर्च आवरतं. पण पोटातली आतली चरबी या बदलांना लवकर दाद देते. ७५ किलोच्या माणसाने चार-पाच किलो कमी केले तरी रक्ताच्या तपासण्यांत फरक दिसू लागतो.

काटा हललाच नाही तर? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर केलेला अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांच्यातल्या १००पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून साखर आणि तेलतूप कमी करवून घेतलं, रोज चालायला लावलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९वर आलं. त्यांचं वजन मात्र फारसं उतरलेलं नव्हतं. सवय बदलल्याचा लाभ आरशात दिसण्याआधी शरीराला मिळू लागतो, तो असा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर साखर अचानक उतरू शकते. पोट थोड्याच दिवसांत फुगलं, पायांवर सूज आली किंवा काही न करता वजन उतरू लागलं, तर ते आहाराचं प्रकरण नाही. लगेच तपासून घ्यावं.

बाकीच्यांनी एका वेळी एकच बदल धरावा. पहिले पंधरा दिवस चहाचे. दोन चमच्यांचा दीड, मग एक, असं हळूहळू उतरलं की जीभ कुरकुरत नाही. नातेवाईकांकडे गेल्यावर 'एवढ्याशा साखरेने काय होतंय' हे ऐकावं लागेल. तिथे हसून अर्धाच कप मागावा. या रविवारी सकाळी कंबर मोजून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, घरातल्या सगळ्यांचा लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा टेप काढा.